दूषित सहभागी

कर्करोगाने माणसाला गाठण्याआधी आपण माणसाला गाठायचं, हे आमच्या संस्थेचं ध्येय आहे. त्यात माझं काम म्हणजे माणूस तपासणीला का येत नाही याचा अभ्यास करणं. एकोणीस वर्षं मी ते निष्ठेने करतो आहे. या एकोणीस वर्षांत माणूस काही तपासणीला आलेला नाही, त्यामुळे अभ्यासात खंड असा कधी पडला नाही. माझा हुद्दा ‘वरिष्ठ आरोग्य-वर्तन संशोधक’ असा असून तो दारावरच्या पाटीवर दोन ओळींत बसतो.

आईला हा हुद्दा अजून पचलेला नाही. सुरुवातीला ती म्हणायची, "डॉक्टर झालास ना? मग माझा गुडघा बघ." मी तिला समजावलं की मी तसला डॉक्टर नाही, लोक डॉक्टरकडे का जात नाहीत याचा डॉक्टर आहे.

"म्हणजे लोक जात नाहीत, आणि तू कागद घेऊन त्यांच्यामागे फिरतोस?"

"हो."

"आणि मग ते जातात?"

"ते अजून सिद्ध झालेलं नाही, आई."

तिने गुडघा शेजारच्या बाईंना दाखवला. त्यांनी तेल लावून दिलं.

माझं नाव झालं ते एका शब्दामुळे. आमच्या प्रश्नावलीचा शेवटचा प्रश्न असा आहे: ‘येत्या सहा महिन्यांत आपण तपासणी करून घ्याल काय?’ पुढे दोन चौकोन, एक ‘हो’चा, एक ‘नाही’चा. शंभरातले ऐंशी लोक दोन्ही चौकोन नीट न्याहाळायचे आणि म्हणायचे, "बघू." माझ्याआधीच्या संशोधकांनी ही उत्तरं केराच्या टोपलीत टाकली होती. मी ती उचलली. तीन वर्षं खपून मी ‘बघू’चे सात प्रकार पाडले. नुसता ‘बघू’ म्हणजे नाही. ‘बघू या’ म्हणजे तुम्ही उठा आता. ‘बघू की’ म्हणजे आतून बायको ऐकते आहे. ‘बघू हं’ म्हणजे एवढे उन्हातून आलात, तुमचं मन मोडवत नाही. ‘बघू, बघू’ असं दोनदा आलं तर समोरच्याचा हात दाराच्या कडीवर असतो. ‘बघतो म्हटलं ना’ इथे संशोधकाने पायऱ्या उतराव्यात. आणि छताकडे पाहत लांबवलेला ‘बघूऽऽ’ हा मात्र खरोखरचा विचार असतो, तो सुमारे चार सेकंद टिकतो.

या चार सेकंदांवर मी निबंध वाचला. टाळ्या पडल्या. समितीने ठराव केला की यापुढे सातही प्रकार ‘सकारात्मक हेतू’ या सदरात मोजावेत. एका दुपारीत आमचं यश बारा टक्क्यांवरून ब्याण्णव टक्क्यांवर गेलं. मला बढती मिळाली आणि संस्थेतले सगळे मला बघूसाहेब म्हणू लागले.

आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर एक तपासणी कक्ष आहे. तिथे दातांच्या एक डॉक्टर बसतात. त्यांच्या हातात सदैव टॉर्च असल्यामुळे त्यांना सगळे टॉर्चबाई म्हणतात. तोंड उघडायचं, त्या आत उजेड पाडणार, गाल, जीभ, टाळू बघणार, दोन मिनिटांत मोकळं. फक्त तिथे जायला तिसऱ्या मजल्यावरची, म्हणजे आमची, चिठ्ठी लागते, कारण माणसाचा हेतू मोजल्याशिवाय त्याने कृती केली तर ती कृती कशामुळे झाली हे शास्त्राला कळणार नाही. टॉर्चबाई दिवसभर शब्दकोडी सोडवतात. महिन्यातून एकदा त्या वर येऊन विचारतात, "अहो बघूसाहेब, ते ब्याण्णव टक्के कुठे राहिले?" मी सांगतो की ते हेतूच्या पायरीवर आहेत.

गेल्या दोन वर्षांत आमचा सर्वांत मोठा अभ्यास चालू होता. शहरातल्या वस्त्यांच्या चिठ्ठ्या टाकून दोन भाग केले होते. अर्ध्या वस्त्यांना पोस्टर, पत्रकं, व्याख्यानं; हा ‘माहिती गट’. उरलेल्या अर्ध्यांना दोन वर्षं काहीही सांगायचं नाही; हा ‘तुलना गट’. शेवटी कोणत्या गटातले लोक जास्त तपासणीला येतात ते बघायचं. छापून आलेल्या पोस्टरची एक प्रत संचालिकाबाईंनी कौतुकाने आमच्या व्हरांड्यात लावली. त्यावर उघड्या तोंडाचं एक भलंमोठं चित्र आणि खाली मजकूर: ‘तोंडातला डाग किंवा व्रण तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तपासून घ्या.’

एका मंगळवारी सकाळी मावशी माझ्या खोलीत आल्या. मावशी आमच्याकडे लादी पुसतात. त्यांनी बादली दाराबाहेर ठेवली, फडका पिळून बादलीच्या काठावर टाकला आणि हात पदराला पुसले.

"साहेब, जरा काम होतं."

"बोला मावशी."

"माझ्या गालाच्या आतून पांढरा डाग आलाय. पाच आठवडे झाले. तुमच्या पोस्टरवर तीन लिहिलंय."

मी खुर्चीत सरळ झालो. पोस्टर लावून अकरा महिने झाले होते आणि ते कुणी वाचल्याची ही पहिलीच नोंद होती.

"तुम्ही वाचलंत ते?"

"रोज पुसते ना. पुसता पुसता वाचलं जातं. तर मला तपासून घ्यायचंय."

"कधी?"

"आत्ता. लादी वाळेपर्यंत मोकळीच आहे मी."

माझी पंचाईत इथे सुरू झाली. आमच्या शास्त्रानुसार माणूस पाच पायऱ्या चढतो: अज्ञान, जाणीव, विचार, हेतू आणि कृती. प्रत्येक पायरीवर त्याने किमान चार आठवडे घालवणं अपेक्षित आहे. मावशी बादलीसकट थेट पाचव्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. तरी मी फॉर्म काढला आणि नोंदणीच्या ताईंना हाक मारली. ताई संगणक घेऊन आल्या, प्रश्न वाचत गेल्या आणि शेवटच्या प्रश्नाशी घोडं अडलं.

"‘आज’चा कोड नाहीये, साहेब. मशीन घेत नाही. ‘बघू’ टाकू का?"

"मी बघू म्हटलेलंच नाही," मावशी म्हणाल्या.

"पण मशीन तेवढंच घेतंय ना मावशी. सातवा प्रकार टाकते, तो सगळ्यात चांगला आहे."

अशा रीतीने मावशींच्या हेतूची नोंद झाली. चिठ्ठी द्यायला मी पेन उचललं, तेवढ्यात ताईंनी पात्रतेचे निकष वाचले. संस्थेच्या कर्मचाऱ्यांना अभ्यासात घेता येत नाही. मी मावशींना तसं सांगितलं. मावशी म्हणाल्या, त्या कर्मचारी नाहीतच, ठेकेदाराकडून येतात. म्हणूनच तर त्यांना रजा नाही. मला बरं वाटलं. ताईंनी वस्तीचं नाव घातलं. संगणकाने क्षणभर विचार केला आणि लाल अक्षरं दाखवली. मावशींची वस्ती तुलना गटात होती.

"म्हणजे काय?" मावशींनी विचारलं.

"म्हणजे दोन वर्षं तुम्हाला डागाबद्दल काहीही माहीत असता कामा नये."

"पण मला माहीत आहे."

"तीच तर अडचण आहे."

दुपारी तातडीची बैठक बसली. संचालिकाबाई अतिशय गंभीर होत्या. तुलना गटातल्या व्यक्तीला माहिती मिळाली तर तिला शास्त्रात ‘दूषित सहभागी’ म्हणतात, आणि एका दूषित सहभागीमुळे दोन वर्षांचं काम पाण्यात जाऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं. "गळती कुठून झाली?" त्यांनी विचारलं. आमचा आकडेतज्ज्ञ, ज्याला सगळे गणित्या म्हणतात, तो म्हणाला, "पोस्टरमधून." सर्वांनी मान डोलावली. पोस्टर लोकांपर्यंत पोहोचतं हे इतकं धोक्याचं असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पोस्टर भिंतीकडे तोंड करून लावावं, असा ठराव झाला. मावशींनी यापुढे फक्त त्याची पाठ पुसावी.

"साहेब, आता पाठ झालंय ते मला," मावशी म्हणाल्या.

म्हणून एक विस्मरणपत्र तयार करण्यात आलं. ‘सदर पोस्टरवरील मजकूर मी वाचलेला नाही, हे मी वाचून समजून घेऊन सही करीत आहे.’ मावशींनी दोनदा वाचलं. "हे कोण लिहितं हो?" त्यांनी विचारलं. मी लिहिलं होतं. मी बोटाने सहीची जागा दाखवली आणि मावशींनी सही केली.

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, तीन जिने उतरून त्या बाईला टॉर्चबाईंकडे का नाही नेलंस? मी स्वतःलाही तेच विचारलं. उत्तर देताना माझी जीभ टाळ्याला चिकटते, तरी सांगतो. पुढच्या वर्षी मी विभागप्रमुख होणार होतो. मोठ्या अभ्यासावर माझं नाव पहिलं होतं. एका दूषित सहभागीपायी ते खाली गेलं असतं. आणि खरं सांगू का, मला मनापासून वाटत होतं की एवढी सगळी शहाणी माणसं पद्धत पाळताहेत, तर पद्धतीत काहीतरी असेलच.

मावशी स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका सोमवारी खाडा करून त्या मोठ्या रुग्णालयात गेल्या. तिथल्या खिडकीवरच्या माणसाने त्यांचं नाव घातलं, तर पडद्यावर आलं: ‘अभ्यासात नोंद. हेतू सकारात्मक.’ तो म्हणाला, "तुमचं तिकडे चालू आहे की. दुबार नोंद होत नाही." मावशी परत माझ्याकडे आल्या. आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला कळत होतं, फक्त तोंड त्यांचं होतं.

"साहेब, मग मी जाऊ तरी कुठे?"

"मी कुठे जा म्हणून सांगितलं, तर तो हस्तक्षेप ठरेल, मावशी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ते निरीक्षण."

मी प्रकरण नैतिकता समितीकडे पाठवलं. समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. तोवर मी मावशींचं निरीक्षण केलं. सातव्या आठवड्यात त्या चहा बशीत ओतून, गार करून पिऊ लागल्या. नवव्या आठवड्यात बिस्किट चहात बुडवून, उजव्या बाजूनेच चावू लागल्या. अकराव्या आठवड्यात त्यांनी बिस्किट सोडलं. व्हरांड्यात त्या ताईंशी तावातावाने बोलायच्या, ते हळूहळू कमी झालं. हे सगळं मी तारखांसह टिपून ठेवलं. माझ्या टिपणांची समितीने पुढे फार स्तुती केली.

समिती तेराव्या आठवड्यात बसली. चार तास चर्चा झाली. सहभागीला तपासणीचा सल्ला देणं हे तिच्या निर्णयस्वातंत्र्यावर आक्रमण ठरेल, असं एकमत झालं. मात्र समिती निर्दय नव्हती. मावशींना एक पत्रक द्यावं असं ठरलं: ‘तपासणीची भीती कशी घालवावी?’ ते मी स्वतः नेऊन दिलं.

"मला भीती वाटतच नाही," मावशी म्हणाल्या. बोलताना त्यांनी गालावर हात धरला होता.

"तेही आहे त्यात. पान चार. ‘भीती वाटत नाही असं वाटणे.’"

मावशींनी पत्रक घेतलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल हलायचं थांबलं. त्या पत्रकाचा तेवढा तरी उपयोग झाला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी तळमजला पुसणारी बाई आली नव्हती, म्हणून मावशींना खाली पाठवलं. टॉर्चबाई आडवे शब्द संपवून उभ्या शब्दांकडे वळल्या होत्या. फरशी पुसणारी बाई गाल धरून मधेच थांबते, हे त्यांनी दारातून पाहिलं. त्यांनी चिठ्ठी मागितली नाही. कोणता गट विचारलं नाही. म्हणाल्या, "या इकडे. आ करा." मावशींनी आ केला. दोन मिनिटं लागली.

त्यानंतर टॉर्चबाई तीन जिने चढून माझ्या खोलीत आल्या. टॉर्च पेटलेलाच होता, तो बंद करायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"तुमच्या मावशींच्या गालात वाईट दिसतंय. तुकडा काढून पाठवलाय, पण मला कळायचं ते कळलंय. आतला बराच भाग काढावा लागणार." त्यांचा आवाज चढला. "मला संताप येतो या लोकांचा! डोळ्यांसमोर दिसत असतं, तरी अंगावर काढतात. अहो, चार-पाच आठवड्यांना आली असती ना ही बाई, तर चिमूटभर काढून भागलं असतं!"

"ती पाच आठवड्यांना आली होती," मी म्हणालो.

"कोणाकडे?"

मी टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे पाहत होतो. "माझ्याकडे."

टॉर्चचा उजेड माझ्या शर्टावर पडला होता. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तिसऱ्या मजल्यावर ती सोय नव्हती.

शस्त्रक्रिया झाली. मावशी वाचल्या. डाव्या गालाचा आतला भाग गेला, तोंड दोन बोटांपुरतंच उघडू लागलं आणि ‘स’ म्हणायला गेलं की शिट्टी वाजायची. पूर्वी त्यांच्या हसण्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा. मी आईला हे सगळं सांगितलं. तिने पोळपाट बाजूला सारला आणि माझ्याकडे बघत राहिली. "अरे, दोनच मिनिटांचं काम होतं ना?" एवढंच म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं.

पण शास्त्र कुणासाठी थांबत नाही. अभ्यासाची मुदत संपली आणि गणित्याने आकडे मांडले. माहिती गटात चार हजार माणसं, पोस्टर, पत्रकं, व्याख्यानं. तपासणीला आलेले शून्य. तुलना गटात चार हजार माणसं, कुणालाही काहीही सांगितलेलं नाही. तपासणीला आलेली, एक.

"एक भागिले शून्य," गणित्या म्हणाला. "माहिती न दिल्यास तपासणीचं प्रमाण अनंत पटीने वाढतं."

"अहो, पण ती एक म्हणजे मावशी!" मी म्हणालो. "त्यांनी पोस्टर वाचलं होतं!"

"नाही वाचलेलं," संचालिकाबाईंनी फाईल पुढे सरकवली. "सहीचं पत्र आहे. तुमच्याच हस्ताक्षरात."

पुढचं सगळं ओघाने आलं. निष्कर्ष छापून आला. वरून परिपत्रक निघालं की ज्याअर्थी माहिती दिल्याने तपासणीस बाधा येते, त्याअर्थी सर्व पोस्टर तात्काळ उतरवण्यात यावीत. गाड्या भरून पोस्टर उतरवली गेली. शाळांमधून, बसथांब्यांवरून, दवाखान्यांतूनसुद्धा. या कामगिरीबद्दल संस्थेला मानपत्र मिळालं आणि मला विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली. ती फिरती आहे.

मग आमच्याच इमारतीच्या सभागृहात परिषद भरली. तीनशे संशोधक, सगळे रोगप्रतिबंधाला वाहून घेतलेले. माझ्या भाषणानंतर ‘यशस्वी सहभागी’ म्हणून मावशींचा सत्कार होता. भाषणात सगळं खरं सांगून टाकायचं, असं मी रात्रभर घोकलं होतं. उभा राहिलो, पुढच्या रांगेत संचालिकाबाई दिसल्या, आणि मी छापलेलं भाषण वाचलं. टाळ्या पडल्या. मावशींना व्यासपीठावर बोलावून पुष्पगुच्छ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

मावशींनी गुच्छ टेबलावर ठेवला. ध्वनिक्षेपकासमोर त्या जेमतेम उघडणाऱ्या तोंडाने, शिट्टी वाजवत, हळूहळू बोलल्या.

"भाषण येत नाही मला. गालाच्या आत, मागच्या दाढेजवळ, पांढरं काहीतरी होतं. दुखत नव्हतं. जीभ लावली की खरखरीत लागायचं, एवढंच. मला वाटलं, दात लागला असेल. सगळ्यांना असंच वाटतं. खाली डॉक्टरीणबाई बसल्यात, मी त्यांना थांबवून ठेवलंय. चिठ्ठी नको. दोन मिनिटं लागतात. कोण कोण येतंय?"

आणि मी व्यासपीठावरून एक दृश्य पाहिलं, जे एकोणीस वर्षांत एकाही प्रश्नावलीत मला सापडलं नव्हतं. तीनशे विद्वानांचे गाल आतून हलत होते. तीनशे जिभा मागच्या दाढेजवळ जाऊन काहीतरी चाचपडत होत्या. काही जणांच्या तिथेच थांबल्या. एका गृहस्थांनी पुन्हा पुन्हा त्याच जागी जाऊन पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. कुणी उठलं नाही. मीही नाही; माझी खुर्ची अध्यक्षांना लागून होती, मधूनच उठणं बरं दिसलं नसतं. मावशी पुरतं एक मिनिट उभ्या राहिल्या. मग निवेदिकेने भोजनाची घोषणा केली आणि तीनशेच्या तीनशे एकदम उठले.

हसलात ना? हसा, हसण्यासारखंच आहे. फक्त मघापासून तुमची जीभ कुठे फिरते आहे, तेवढं मला इथून दिसतंय. आत्ता ती थांबली. किती आठवडे झाले त्याला?